तरुण संघ सुरू करण्याआधी

पनवेल, नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या पट्ट्यातल्या मंडळ्यांमध्ये सध्या एक मागणी वारंवार ऐकू येते : आपल्याकडेही तरुण संघ हवा. मागणी रास्त आहे. पण ती पुढे कशी सरकते ते पाहा. पाळक समितीच्या सभेत विषय निघतो, ठराव होतो, अध्यक्ष-सचिव-खजिनदार नेमले जातात, गिटार आणि कीबोर्डसाठी वर्गणी जमते, डिसेंबरात कॅरलच्या फेऱ्या उत्साहात होतात. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा येते आणि संघ थांबतो. जूनमध्ये पुन्हा नवा ठराव.

संघ मोठ्या माणसांपासून सुरू करावा, असे आम्हाला वाटते. मंडळीतल्या मुलामुलींची नावे, त्यांचे कॉलेज, क्लासची वेळ, घरची अडचण हे सारे ठाऊक असलेली निदान दोन प्रौढ माणसे, एक भाऊ आणि एक बहीण, आधी शोधा. ती नसतील तर ठराव थांबवा. यातले एकही माणूस पाळक नसावे. पाळकांची बदली होते. त्यांच्या भोवती गोळा झालेला संघ बदलीच्या पत्राबरोबर पांगतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

पनवेलमध्ये याची गरज अधिक आहे, कारण हे गावच येणाऱ्यांचे आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, पुढे वसाहती वाढल्या, लोकल आली, २०१६ मध्ये महापालिका झाली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. अहिल्यानगर-जालन्याकडची मराठी ख्रिस्ती कुटुंबे, केरळची, तमिळनाडूची, आंध्रची, मंगळुरू-गोव्याची कुटुंबे इथे स्थिरावली आणि प्रत्येकाने आपल्या भाषेची उपासना उभी केली. आईवडिलांसाठी ती उपासना म्हणजे गावाकडचे घर होते. मुलांचे तसे नाही. सोमवारी ती पिल्लई, सी.के.टी. किंवा महात्मा फुले महाविद्यालयात एका बाकावर बसतात, हिंदी-मराठी-इंग्रजी मिसळून बोलतात, आणि रविवारी वेगवेगळ्या सभागृहांत, निम्मे न समजणारे उपदेश ऐकतात. इंग्रजी माध्यमातल्या मराठी मुलाला ‘उपासना संगीता’तले गीत देवनागरीतून सरसर वाचता येत नाही, तो नुसते ओठ हलवतो. मल्याळी घरातल्या मुलीचेही आपल्या लिपीशी हेच होते. म्हणून शेजारच्या दोन-तीन मंडळ्यांनी, पंथ आणि भाषा बाजूला ठेवून, तरुणांची महिन्यातून एक सभा एकत्र घ्यावी असे आम्ही आग्रहाने सुचवतो. आपली उपासना, आपले प्रभुभोजन ज्याचे त्याच्याकडे राहू दे.

या कामाचा इतिहास आपल्याला धीर देणारा आहे. १८४४ मध्ये लंडनमध्ये वाय.एम.सी.ए. सुरू करणारा जॉर्ज विल्यम्स २२ वर्षांचा होता. गाव सोडून शहरात आलेला, कापडाच्या दुकानात राबणारा आणि तिथेच राहणारा तो नोकर. त्याच्यासारख्याच अकरा जणांबरोबर त्याने प्रार्थना आणि बायबल अभ्यास सुरू केला. मुंबईत ही संस्था १८७५ मध्ये आली. तळोज्याच्या कारखान्यात किंवा खारघरच्या ऑफिसात पहिली नोकरी धरून भाड्याच्या खोलीत राहणारा तरुण त्या विल्यम्सचा सख्खा भाऊ शोभेल. आपल्या संघाच्या यादीत मात्र तो नसतो, कारण त्याचे आईवडील आपल्या मंडळीचे सभासद नाहीत.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. २ फेब्रुवारी १८८१ रोजी पोर्टलंड शहरातल्या आपल्या मंडळीत फ्रान्सिस क्लार्क या पाळकांनी ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ सुरू केले. पुढे ती चळवळ जगभर गेली, भारतातही आली. १९०९ मध्ये तिची जागतिक परिषद आग्र्यात भरली. तिची शिस्त आजही घेण्यासारखी आहे : गाणे सोडून आणखी काहीतरी भाग प्रत्येक सभासदाने प्रत्येक सभेत घ्यायचाच. कुणी प्रार्थना करील, कुणी शास्त्रभाग वाचील, कुणी साक्ष देईल. ‘गाणे सोडून’ हे मुद्दाम घातलेले आहे. आपल्याकडे तरुणांना दिलेले काम बहुधा गाण्यापाशीच संपते. संगीताला आमचा विरोध नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवले. आज गिटार आणणाऱ्या मुलाला अडवण्याचे कारण नाही. पण गिटार वाजवणाऱ्या मुलाला आजारी सभासदाच्या घरीही पाठवा, शब्बाथ शाळेचा एक वर्ग द्या, हिशेब दाखवा. आणि अठरा वर्षे पूर्ण झालेल्या निदान एका तरुणाला आणि एका तरुणीला पाळक समितीत मतासह बसवा.

आता वेळेचे. मुलगा मंडळीतून नेमका कधी सुटतो? दृढीकरण होते, त्याच सुमारास दहावी येते. रविवारी सकाळी क्लासची टेस्ट असते. घरातलेच म्हणतात, “यंदा दहावी आहे, चर्चला नाही आलास तरी चालेल.” पुढे बारावी, मग नीट, जेईई, सीईटी. विश्वासाचा क्रम कितवा लागतो हे मुलाला त्या एका वाक्यात कळते, आणि ते शिकवणारे आपणच असतो. यावर रागावून उपयोग नाही. सभा शनिवारी संध्याकाळी ठेवा, दीड तासाच्या वर नेऊ नका. आणि एक गोष्ट नक्की करा : आठवडाभर कुलूपबंद असलेला मंडळीचा हॉल अभ्यासिका म्हणून उघडा. एका खोलीच्या घरात, टीव्ही आणि लहान भावंडांमध्ये अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी पंखा, दिवा, पाणी आणि देखरेखीला एक मोठे माणूस एवढे पुरेसे आहे. परीक्षेचे महिने म्हणजे संघाची सुट्टी, असे समजणे थांबेल. त्या महिन्यांतच मुलाला मंडळीची गरज सर्वांत जास्त असते. निकालाच्या दिवशी तर विचारायलाच नको.

सुरक्षिततेबाबत मात्र तडजोड नको. संघातले बरेच सभासद अठराच्या आतले असतात, म्हणजे पोक्सो कायद्यानुसार (२०१२) बालक. लैंगिक अत्याचार झाल्याचे कळूनही पोलिसांना न कळवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. “मंडळीची बदनामी होईल” ही सबब तिथे चालत नाही आणि देवासमोरही चालणार नाही. कोणताही मोठा माणूस एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटा राहणार नाही, शिबिरात मुलींबरोबर बहिणी असतील, मुलांना रात्री-अपरात्री खासगी मेसेज जाणार नाहीत, हे नियम पहिल्या सभेआधी लिहून पालकांच्या हाती द्या. १०९८ हा बालकांचा मदत क्रमांक हॉलच्या दारावर लावा. पावसाळ्यात गाढेश्वर किंवा प्रबळगडाकडे सहल काढायची हौस असतेच. पालकांची लेखी परवानगी आणि प्रशासनाची त्या दिवसांतली मनाई, दोन्ही आधी पाहा. मुलांचे ख्रिस्ती नसलेले मित्रही येतील. त्यांचे स्वागत करा, आणि मुलगा कुठे येतो, काय करतो हे त्यांच्या घरी स्पष्ट ठाऊक असू द्या.

तरुण दुरावतात म्हणजे काय, हे पाहायला लांब जायला नको. पनवेलमध्येच १८४९ सालचे बेथ एल सिनेगॉग आहे. बेने इस्रायली ज्यू समाजाच्या अनेक पिढ्या तिथे वाढल्या. पुढे यातली बरीच कुटुंबे इस्रायलला गेली आणि इथे समाज थोडा उरला. त्यांचे तरुण लांब गेले, ते आपल्या श्रद्धेच्या भूमीकडे. आपले तरुण कुठेही गेलेले नाहीत. ते पुढच्याच सेक्टरमध्ये राहतात, आणि आपल्याकडे त्यांचा फोन नंबर नाही.

तेव्हा येत्या सभेत ठरावाऐवजी एक वही काढा. तेरा ते पंचवीस वयाच्या प्रत्येकाचे नाव तीत लिहा. नोकरीसाठी एकटे राहणारे आणि वर्षभरात न दिसलेलेही. प्रत्येक नावासमोर त्याला भेटायला जाणाऱ्या मोठ्या माणसाचे नाव लिहा. संघासाठी निवडलेल्या त्या भावाला आणि बहिणीला इतर समित्यांच्या कामातून तीन वर्षे मोकळे करा आणि त्यांच्या प्रवासखर्चासाठी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम धरा. पाळकांची बदली झाली, तर नव्या पाळकांनी पहिल्याच आठवड्यात ती वही मागून घ्यावी.