संच घेण्याआधी कोरी वही घ्या

मुलाला घरीच शिकवायचे ठरवलेल्या कुटुंबाची पहिली खरेदी बहुधा चुकते. ‘तुमचे मूल बघून शिकते की ऐकून?’ अशी प्रश्नावली भरून घेतली जाते आणि त्याप्रमाणे महागडा संच गळ्यात मारला जातो. हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या ‘शैली’मागचे संशोधन तपासले. शैलीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो, याचा पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. उलट रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात होते.

तेव्हा साधन मुलाकडून काय करवून घेते, एवढेच पाहावे. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, अरविंद गुप्ता यांची टाकाऊ वस्तूंतून बनणारी विज्ञानखेळणीही. चकचकीत ॲपपुढे मूल नुसते बघत बसते (आणि पालकांना अभ्यास झाल्यासारखा वाटतो). पैसे खर्चायचेच तर भिंग, तराजू, मोजपात्र घ्यावे. पुढे ‘एनआयओएस’मधून दहावीला विज्ञान घेतले, तर प्रात्यक्षिक परीक्षाही द्यावी लागते. तिथे स्क्रीनवर पाहिलेला प्रयोग चालत नाही.