खाडीची वाट

रस्ता मनुष्य बांधतो. पाण्याची वाट निसर्ग घडवतो. परंतु फुकट मिळालेल्या या वाटेचीही निगा राखावी लागते, याचा समाजाला सहज विसर पडतो. ठाण्याजवळील कोलशेतची खाडी पाहिली म्हणजे हा विसर किती महाग पडतो, हे ध्यानी येते.

राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कल्याणवरून ठाण्याकडे येते आणि कोलशेत, घोडबंदर यांच्या काठाने जाऊन वसईजवळ समुद्रास मिळते. भरतीचे पाणी थेट कल्याणपर्यंत चढते. म्हणूनच कल्याण समुद्रापासून इतके आत असूनही प्राचीन काळी नामांकित बंदर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद सापडते. १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती येताच शिवाजी महाराजांनी याच खाडीच्या आश्रयाने जहाजबांधणी आरंभिली.

या वाटेने शिडाचे गलबत नेणे म्हणजे केवळ वाऱ्यावर विसंबणे नव्हे. सुमारे सहा तास पाणी चढते आणि पुढे जवळजवळ तितकाच वेळ उतरते. चढत्या पाण्याबरोबर, दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने शीड फुगवून गलबत आत जाई. पहाटेचा मतलई वारा आणि ओहोटी यांच्या साह्याने ते समुद्राकडे परते. पाणी उलटले की नांगर टाकून स्वस्थ राहावे लागे. उधाणाला पाणी कोठवर येते आणि भांगाला कोठे तळ लागतो, हे तांडेलाला पाठ असे. तांदूळ, मीठ, लाकूड, गवत असा अवजड माल या शहाणपणाच्या बळावरच पार पडे.

१८५३ साली ठाण्यापर्यंत आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत आगगाडी धावू लागली. पुढे मोटाररस्ते झाले आणि शिडे मागे पडली. हे युग वेगाचे आहे, त्यात वाऱ्याची वाट कोण पाहणार, असा प्रश्न कोणी करील. तो अगदीच गैर नाही. भाजी आणि दूध यांना भरतीसाठी थांबता येत नाही. परंतु विटा आणि वाळू सहा तासांनी नासत नाहीत. लंडनजवळ थेम्स नदीवर तांबूस शिडांचे मालवाहू पडाव विसाव्या शतकातही भरती-ओहोटीच्या आधारे चालत. पूल आला की डोलकाठी आडवी करून ते खालून जात. अवघी दोन माणसे एवढा पडाव सांभाळीत.

२०१६ च्या कायद्याने देशातील १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरले. त्यांत उल्हास नदी व वसईची खाडी यांचा मार्ग ५३ व्या क्रमांकाचा आहे, आणि त्यावर आखलेल्या धक्क्यांत कोलशेतचाही समावेश आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. मात्र कायदा वाटेला नाव देतो. तो तिच्यातील गाळ उपसत नाही. काठच्या वस्त्यांनी सांडपाणी आणि कचरा सोडावा, भराव घालून तिवरांची तोड करावी, आणि खाडीने मात्र खोल व निर्मळ राहावे, ही अपेक्षा व्यर्थ आहे. पूल उभारतानाही खालून जाणाऱ्या नावेचा विचार झाला पाहिजे.

रस्त्यावरचा खड्डा सर्वांना दिसतो. पाण्याखालचा गाळ मात्र ज्याची नाव रुतते त्यालाच कळतो. खाडीतील वाहतूक थांबली, तशी तिची चौकशी करणारी माणसेही उरली नाहीत. म्हणून या वाटेवर यंत्राच्या बोटी अवश्य चालाव्यात. पण त्यांच्याबरोबर थोडी शिडेही असावीत, आणि काठच्या कोळी-आगरी जाणत्यांचा सल्ला घेतला जावा. इंजिनाला पाण्याची खोली पुरेशी वाटते. शिडाला पाणी, वारा आणि काठ या तिघांची ओळख ठेवावी लागते. ही ओळख टिकली, तरच कोलशेतचा धक्का पुढील पिढ्यांच्याही उपयोगी पडेल.