जुने छप्परही शाकारायला हवे

एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने जुनी संगणक प्रणाली सोडून नव्या प्रणालीवर जाण्याचे मुख्य काम एकाच आठवडाअखेरीत उरकले. बँकेचे ग्राहक ५२ लाख. माहिती शाबूत पोहोचली, पण नवी प्रणाली लगेच कोलमडली. कामकाज पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. २०२२ मध्ये नियामकांनी तिला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला.

नेटफ्लिक्सची वाट वेगळी होती. ऑगस्ट २००८ मध्ये डेटाबेस बिघडल्याने कंपनीला तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर तिने एकसंध सॉफ्टवेअर मोडून शेकडो छोट्या सेवा उभ्या केल्या. जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीकडचे हे स्थलांतर जानेवारी २०१६ मध्ये संपले. बिलांची यंत्रणा तर सर्वांत मागाहून हलली. तेवढी वर्षे जुने आणि नवे शेजारी शेजारी चालले.

अशा सेवाधारित रचनेत, उदाहरणार्थ बँकेत, व्याज, ग्राहकांची माहिती, एसएमएस अशी कामे स्वतंत्र सेवांकडे जातात. एक बदलताना बाकीच्यांना धक्का लागत नाही, हा तिचा मोठा लाभ. पण तिथे पोहोचेपर्यंतचा काळ कसोटीचा. व्याजाचा नियम बदलला, तर तो जुन्या-नव्या दोन्हीकडे बदलावा लागतो. रोज रात्री दोन्हीकडच्या रकमांचा ताळा जुळवावा लागतो. दहा पैशांचा फरक निघाला, की त्याच्या मुळाशी बहुधा जुन्या कोडमधली एखादी अट सापडते: कधीकाळच्या परिपत्रकासाठी घातलेली, कागदोपत्री कुठेच न नोंदलेली. ती का घातली, हे देखभाल करणाऱ्यालाच ठाऊक असते.

आणि नेमकी त्याचीच उपेक्षा होते. हुशार माणसे नव्या प्रकल्पावर जातात, पैसाही तिकडेच वळतो, जुन्याच्या दुरुस्त्या ‘आता बदलणारच आहे’ म्हणून लांबणीवर पडतात. नवे घर बांधून होईपर्यंत पाऊस थांबत नाही. राहत्या घराची कौले शाकारावीच लागतात.

म्हणून स्थलांतराला मंजुरी देणाऱ्यांनी त्याच बैठकीत जुन्या प्रणालीच्या देखभालीची वेगळी तरतूद करावी. एकेक सेवा हलवावी, ताळा जुळल्यावरच पुढची घ्यावी. आणि जुन्या कोडच्या जाणकाराला शेवटचा व्यवहार नव्या प्रणालीवर येईपर्यंत सन्मानाने सोबत ठेवावे.