खेळाचा धंदा आणि वाढीचा हिशेब

भांडुपच्या लालबहादूर शास्त्री मार्गाने सिएटचे टायर, एशियन पेंट्सचे रंग आणि गेस्ट कीन विल्यम्सचा लोखंडी माल बनताना पाहिला. त्या कारखानदारीचा बहर ओसरला आणि तिच्या जागी निवासी मनोरे उभे राहिले. कामगारांची नातवंडे आता वाणिज्य शाखेच्या वर्गात बसून विचारतात, ‘सर, गेमिंगमध्ये भविष्य आहे का?’ प्रश्न पोरकट नाही. मात्र त्याचे उत्तर कंपन्यांच्या जाहिरातींत न शोधता त्यांच्या ताळेबंदात शोधावयास हवे.

या संदर्भात मुंबईच्या ‘नझारा टेक्नॉलॉजीज’चे उदाहरण बोलके आहे. नितीश मित्तरसेन यांनी 1999 साली स्थापन केलेली ही कंपनी मार्च 2021 मध्ये भांडवल बाजारात उतरली. सुमारे 583 कोटी रुपयांच्या भागविक्रीला 175 पट मागणी आली. ही विक्री सर्वस्वी जुन्या भागधारकांच्या समभागांची होती. म्हणजे जमलेला पैसा कंपनीच्या तिजोरीत न जाता विकणाऱ्यांच्या खिशात गेला, ही गोष्ट त्या जल्लोषात फारशी कोणी लक्षात घेतली नाही. पुढे 2020-21 मधील सुमारे 454 कोटींचे उत्पन्न 2024-25 मध्ये सुमारे 1,624 कोटींवर गेले. चार वर्षांत साडेतीन पटींहून अधिक वाढ डोळे दिपविणारी आहे, यात शंका नाही.

परंतु ही वाढ आली कोठून? तिचा मोठा भाग खरेदीतून आला. लहान मुलांचे ‘किडोपिया’ हे अॅप करणारी मुंबईची ‘पेपर बोट’ घेतली. ‘नॉडविन’द्वारे खेळांच्या स्पर्धा घेतल्या. त्याच नॉडविनने 2022 साली ‘विंग्ज’ या नावाने हेडफोन आदी साधने विकणाऱ्या कंपनीत 35 टक्के वाटा घेतला. 2025 मध्ये ‘कर्व्ह गेम्स’ हा ब्रिटिश खेळप्रकाशकही विकत घेण्यात आला. खेळ, स्पर्धा आणि साधने एकाच छत्राखाली आणण्याची ही कल्पना तर्कशुद्ध आहे. तथापि दुसऱ्याचे शेत विकत घेतल्याने आपल्याला नांगर धरता येतो असे होत नाही.

साधनांच्या व्यापारातील धोका परदेशात पूर्वीच दिसून आला आहे. अमेरिकेची ‘मॅड कॅट्झ’ ही कंपनी कंट्रोलर आणि हेडफोन करीत मोठी झाली व पुढे खेळांच्या प्रकाशनातही शिरली. 2015 साली ‘रॉक बँड 4’ या एका खेळावर आणि त्याच्या प्लास्टिकच्या गिटारींवर तिने मोठी मदार ठेवली. माल गुदामात साचला, कर्ज वाढले आणि मार्च 2017 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. संगणकीय खेळाची हजारावी प्रत जवळजवळ फुकट निघते. हजाराव्या गिटारीला मात्र प्लास्टिक, वाहतूक आणि गुदाम असे तिन्ही खर्च पडतात. हे दोन धंदे सख्खे भाऊ दिसले तरी त्यांचे अर्थशास्त्र भिन्न आहे.

नझाराला फटका बसला तो मात्र तिसऱ्याच बाजूने. सप्टेंबर 2024 मध्ये तिने ‘पोकरबाझी’ चालविणाऱ्या कंपनीतील 47.7 टक्के वाटा सुमारे 832 कोटींना घेण्याचे जाहीर केले. ऑक्टोबर 2023 पासून अशा खेळांतील संपूर्ण रकमेवर 28 टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला होता. सरकारचा रोख तेव्हाच स्पष्ट होता. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाचे सर्व ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले. नझाराला 900 कोटींहून अधिक रक्कम बुडीत दाखवावी लागली. नॉडविनवरील नियंत्रण सुटल्यानंतर त्याच तिमाहीत झालेल्या पुनर्मूल्यांकनाच्या कागदी नफ्याने तो घाव बराचसा झाकला गेला. हिशेब नियमाला धरून असेल. पण नियम पाळला म्हणून संपत्ती निर्माण होत नाही.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांना ‘भविष्य नाही’ असे सांगणे चुकीचे ठरेल. पुण्याच्या नॉडिंग हेड गेम्सने 2020 साली ‘राजी’ हा खेळ काढला, तो जगभर खेळला गेला. त्यात चित्रकार, संगीतकार आणि प्रोग्रॅमर यांचे श्रम आहेत, आणि त्याची मालकी येथेच आहे. महाराष्ट्र शासनाने 2025 साली अॅनिमेशन व गेमिंगसाठी सुमारे 3,268 कोटींचे धोरण मंजूर केले आहे. हा पैसा उलाढालीच्या आकड्यांना भुलून वाटला गेला, तर तो पुन्हा खरेदी-विक्रीतच जिरेल. येथे निर्माण झालेली मालकी आणि येथे दिलेले वेतन हीच अनुदानाची कसोटी हवी.

गिरण्या आणि कारखाने गेले तेव्हा जमिनीचे भाव वाढले आणि मुंबईने त्यालाच प्रगती मानले. त्याची किंमत भांडुपच्या चाळींनी मोजली. समभागांच्या भावाला उद्योग समजण्याची तीच चूक पुढच्या पिढीच्या बाबतीत पुन्हा होऊ नये.