व्हीआर चष्मा घेण्यापूर्वी

सुदुंबऱ्याच्या एका अंगाला तळेगाव, दुसऱ्या अंगाला चाकण. तिथल्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या आपल्या घरांतली मुले आता डोळ्यांवर बांधायचा व्हीआर चष्मा मागू लागली आहेत. मुलांना आम्ही दोष देत नाही. पण हप्त्यावर वस्तू उचलण्याआधी पालकांनी घरातला संगणक तपासून घ्यावा.

खरी मेख तिथेच आहे. 'हाफ-लाइफ: ॲलिक्स' हा २०२० सालचा गाजलेला खेळ चालायला किमान १२ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०६० च्या तोडीचे ग्राफिक्स कार्ड लागते. अभ्यासापुरत्या घेतलेल्या जुन्या संगणकात ते बहुधा नसतेच. म्हणजे चष्म्यामागून संगणकाचाही हप्ता!

घ्यायचाच तर 'मेटा क्वेस्ट ३एस' घ्यावा. तो संगणकाशिवायही चालतो, पुढेमागे केबलने संगणकाला जोडता येतो. दहा वर्षांखालील मुलांना मात्र तो देऊ नये, असे कंपनीच सांगते. खेळांत 'बीट सेबर' आम्हाला बरा वाटतो. गाण्याच्या तालावर समोरून येणारे ठोकळे कापायचे, चांगला घाम निघतो. 'गूगल अर्थ व्हीआर' फुकट आहे, पण त्याला दमदार संगणक हवाच. त्यात पृथ्वीवर उडत हिंडता येते. भूगोल शिकणाऱ्या लेकरांना आम्ही आधी तोच दाखवू.

फिरून खेळायला साडेसहा फूट बाय पाच फूट मोकळी जागा लागते. एका खोलीच्या संसारात ती आणायची कुठून? त्यापेक्षा पाच-सहा घरांनी वर्गणी काढून एकच चष्मा घ्यावा. रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या सभागृहात, मोठ्यांच्या देखत, मुलांनी तो आळीपाळीने वापरावा. आणि मुलींचा नंबर शेवटी लावू नये.