माहेरचंही वय मोजा

“आमच्या आज्या सोळाव्या वर्षी बाळंत व्हायच्या, काय बिघडलं?” असं आजही छातीठोकपणे विचारलं जातं. बिघडलं होतं. ज्यांचं बिघडलं, त्यांतल्या कितीतरी जणी सांगायला उरल्या नाहीत. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. बाळ जेमतेम दहा दिवस जगलं. त्या दुःखानेच त्यांना डॉक्टर होण्याची जिद्द दिली आणि १८८६ साली अमेरिकेत एम.डी. होताना त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तोही प्रसूतिशास्त्राचाच. विशीच्या आतल्या आईला गरोदरपणात झटके येण्याचा, बाळंतपणानंतर जंतुसंसर्गाचा धोका विशी ओलांडलेलीपेक्षा जास्त असतो. तिचं स्वतःचंच अंग अजून भरायचं असतं. ही जुनी गोष्टही नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली होती.

दुसरा दावा शिकलेल्या घरांतला: “आता टेस्ट ट्यूब आहे, घाई कसली?” बाईच्या शरीरातली बीजं तिच्या जन्मापासूनची असतात; तिच्याबरोबर तीही म्हातारी होतात, आणि टेस्ट ट्यूब त्यांना तरुण करत नाही. चाळिशीनंतर गर्भपातांचं प्रमाण झपाट्याने वाढतं. दुसरीचं बीज घेतलं तरी रक्तदाब आणि साखर जिच्या पोटात बाळ आहे तिचीच असते. हे तिला आधी, स्पष्ट शब्दांत सांगितलं गेलंच पाहिजे.

पण म्हणून “पस्तिशी उलटली, आता कशाला?” हे म्हणणंही मला मान्य नाही. डाउन सिंड्रोमचं बाळ होण्याची शक्यता पस्तिशीत साधारण साडेतीनशेत एक आणि चाळिशीत शंभरात एक. म्हणजे चाळिशीतही नव्याण्णव जणींच्या बाळांना तो नसतो. वेळेवर तपासण्या केल्या तर साखर, रक्तदाब आटोक्यात ठेवता येतात. आणि नवऱ्याचं वय कुणीच का विचारत नाही? बापाच्या वयाबरोबर त्याच्या बीजातले जनुकीय बदलही वाढतात.

माझं म्हणणं असं की वयाचा हिशेब गर्भाशयापाशी थांबवू नका. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. अडतिसाव्या वर्षी बाळंत झालेलीची आई बहुतेकदा साठी ओलांडलेली असते. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायला तिला पाय पसरून खाली बसता येत नाही, डिंकाचे लाडू वळता वळता तिचाच हात भरून येतो. लेकीकडे पगार आहे, डॉक्टरला प्रश्न विचारायचं बळ आहे. रात्री तीनला बाळ घ्यायला दुसरे हात नाहीत. एकोणिसाव्या वर्षी बाळंत झालेलीची आई जेमतेम चाळिशीची, हातापायाने धडधाकट. पण ऊसतोडीला गेलेली असेल तर ती फडावर असते, आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत परतू शकत नाही. इथे हात आहेत, पण ते गहाण पडलेत.

मग दोघींना एकच सल्ला कसा पुरेल? धाकटीला पोटभर जेवण, लोहाच्या गोळ्या, पुन्हा शाळा-कॉलेजची वाट आणि दुसऱ्या बाळाआधी मोकळी वर्षं हवीत. थोरलीला साखरेच्या, रक्तदाबाच्या तपासण्या आणि घरी राहू शकणारा नवरा. कायदा आईला २६ आठवड्यांची रजा देतो. खासगी नोकरीतल्या बापाला एक दिवसही नाही, आणि फडावरच्या आईला ते २६ आठवडे कागदावरचेच. आशाताई प्रसूतीनंतर घरी येतात, बाळाचं वजन करतात. पहिल्या भेटीत त्यांनी बाळंतिणीला हेही विचारावं: रात्री उठायला घरात कोण आहे?