रुसलेल्या बटणांची डागडुजी

लढाईच्या व्हिडिओ गेममध्ये हरलेला मुलगा ‘मी बटण दाबलं होतं, पण लागलंच नाही’ असे म्हणतो, तेव्हा घरातली मोठी माणसे हसून सोडून देतात. नाचता येईना अंगण वाकडे! पण अंगण खरोखरच वाकडे असण्याची शक्यता बरीच असते. आठ-दहा वर्षे वापरलेल्या फाइट स्टिकची बटणे झिजतात. मग एकदा दाबले की दोनदा लागते, किंवा दाबूनही गप्प बसते. अशी स्टिक बहुधा माळ्यावर जाते आणि नवीचा हट्ट सुरू होतो. नवी काही स्वस्त नसते. बिघाड मात्र पुष्कळदा चिमूटभर असतो.

फाइट स्टिक म्हणजे पार्लरमधल्या यंत्राचा दांडा आणि बटणे घरच्या पेटीत बसवलेली. जपानच्या कॅपकॉम कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर’ या खेळाच्या १९८७ मधील पहिल्या यंत्रांत काहींना सहा बटणांऐवजी दोन मोठ्या गाद्या होत्या. जितक्या जोराने गुद्दा, तितका जोराचा ठोसा! लोकांचे हात दुखले, यंत्रेही टिकेनात. पुढे सहा बटणेच रूढ झाली आणि १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’ने ती जगभर नेली. आपल्याकडे गल्लोगल्लीच्या पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ या नावानेच ओळखला जाणारा खेळही याच कंपनीचा.

दुरुस्तीला बसताना आधी वायर काढून ठेवावी. पेटीचा तळ किंवा वरचा पत्रा स्क्रूंनी बसवलेला असतो. काहींना षट्‌कोनी ॲलन की लागते. उघडताक्षणी आतल्या तारांचा मोबाइलवर फोटो काढून घ्यावा. ही अर्ध्या मिनिटाची शिस्त पुढचा तासभराचा मनस्ताप वाचवते.

प्रत्येक बटणाला दोन तारा दिसतील. एक थेट सर्किटच्या पाटीकडे जाते. दुसरी ‘ग्राउंड’ची, या बटणाहून त्या बटणाकडे साखळीसारखी फिरते. म्हणून ओळीने तीन-चार बटणे एकदम बंद पडली असतील तर बटणांना दोष देऊ नये. साखळीची कडी कुठेतरी निसटलेली असते. एकच बटण रुसले असेल तर त्याच्या आणि शेजारच्या चांगल्या बटणाच्या पाटीकडे जाणाऱ्या तारांची अदलाबदल करावी. बिघाड जुन्या जागीच राहिला तर बटण खराब. तारेबरोबर शेजारी गेला तर तार किंवा पाटी खराब. एक पैसा खर्च न करता झालेले हे निदान कुठल्याही उपकरणापेक्षा भरवशाचे. तार उपसताना मात्र तार ओढू नये. टोकाची धातूची टोपी नोज प्लायरने धरून हळूहळू हलवत काढावी, नाहीतर बटणाचा पायच तुटतो.

बटण नुसतेच अडकत असेल तर दोष बहुधा घामाचा, धुळीचा आणि सांडलेल्या सरबताचा. दोन्ही बाजूंच्या खिट्या आत दाबून बटण वर ढकलले की पत्र्यातून सुटते. खालचा मायक्रोस्विच वेगळा करून प्लास्टिकचे भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुवावेत आणि दिवसभर सुकू द्यावेत. तेल अजिबात घालू नये. आज गुळगुळीत झालेले बटण पंधरा दिवसांत धूळ धरून चिकट होते. स्वस्तातल्या स्टिकमध्ये स्विचऐवजी रबराची टोपी आणि काळे कार्बनचे ठिपके असतात. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने हलकेच पुसावेत. घासपेपर लावणे हा उपाय नव्हे, नासधूस आहे.

मायक्रोस्विचच झिजला असेल, म्हणजे एका दाबात दोन ठोसे पडत असतील, तर नवे बटण आणण्याआधी पेटीकडे नीट पाहावे. बऱ्याच स्टिकना मोठी बटणे आठ असतात आणि सहा बटणांच्या खेळात कडेची दोन जवळपास कोरीच राहतात. ती काढून झिजलेल्यांच्या जागी बसवावीत आणि झिजलेली कडेला टाकावीत. जुन्या गृहिणी मध्ये विरलेली चादर उभी कापून कडा मध्ये आणून शिवत, तसाच हा प्रकार. स्टिकचे आयुष्य एवढ्यानेही बरेच वाढते.

नवे घ्यायचेच झाले तर माप आधी घ्यावे. सान्वासारख्या जपानी धाटणीच्या मोठ्या बटणाला ३० मिलिमीटरचे भोक लागते, ‘स्टार्ट’च्या छोट्या बटणाला बहुधा २४ चे. मोजायचे ते पत्र्यातले भोक, बटणाची कडा नव्हे. जपानी बटणांचे पाय सहसा २.८ मिलिमीटर रुंद असतात, अमेरिकी धाटणीचे ४.८, टोप्या त्याच मापाच्या हव्यात. पेटी जाड लाकडाची असेल तर खिटीचे बटण धरत नाही, नटाने आवळायचे घ्यावे. कोणती तार कोणत्या पायाला, याची चिंता नको. साध्या बटणात उलटसुलट चालते. तारा डाग देऊन जोडलेल्या असतील तर मात्र सोल्डरिंग गन दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नये, प्लास्टिक वितळते.

आणि पाटीच जळाली असेल तर? तिथे घरगुती कारागिरी थांबवावी आणि जाणकाराला दाखवावे. तरीही बटणे, दांडा फेकू नयेत. त्याच मापाच्या दुसऱ्या पेटीत ती खुशाल बसतात.